हॅलो, ऐकू येतंय का?

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ माझा एसटीडी बूथ होता. मुंबईतल्या चाकरमान्याचा फोन लागला की गावच्या माणसांचं पहिलं 'हॅलो' भेटीचं असे, पुढची सगळी लाइन तपासायला. आवाजही चढत जाई. फोनवर म्हणायला 'हॅलो' हा शब्द एडिसननं १८७७ साली सुचवला. ग्रॅहम बेलला मात्र दर्यावर्दींचं 'अहॉय' हवं होतं. आमच्या मिरकरवाडा बंदरावर ते शोभलंही असतं! गणपतीत मंडपातला माईकवाला 'हॅलो, हॅलो' करतो तेव्हा तो कुणालाच हाक मारत नसतो. रांगेत घुसणाऱ्याला 'ओ हॅलो!' म्हटलं की ती तंबी. ऑक्टोबर २०२२मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. कचेरीत काय म्हणतात याकडे माझं लक्षच नसतं. फोन उचलला, याचाच आनंद.