चाकाची नाडी

मल्टीस्टोरी कार पार्कच्या गोल रॅम्पवरून तुम्ही खाली उतरताय आणि डॅशबोर्डवर 'एबीएस'चा पिवळा दिवा लागतो. गाडी बंद करून चालू केली की जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रॅम्पवर पुन्हा हजर! आमच्या साडेआठ वर्षांच्या गाडीने आठवडाभर हा खेळ मांडला होता. सीओई संपायला दीड वर्ष उरलेलं, तपासणी सहा महिन्यांवर, आणि एका गॅरेजवाल्याने तर अख्खं हब बदलायचा सल्ला दिला. म्हटलं, पैसे मोजण्याआधी भानगड काय आहे ते तरी समजून घेऊ.

हा दिवा लागला तरी साधे ब्रेक चालतात, म्हणून आपण तो अंगाला लावून घेत नाही. पण पीआयईवर धो-धो पाऊस कोसळतोय आणि पुढच्याने कचकन ब्रेक मारला, तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये यासाठीची व्यवस्था त्या वेळी रजेवर असते. मागच्या सीटवर मुलगी बसलेली असताना मला ते परवडणारं नव्हतं.

एबीएसला एकच गोष्ट कळावी लागते: प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय. चारपैकी एकाचा वेग अचानक पडला, म्हणजे ते जाम होतंय. मग त्याच चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सैल करायचा, पुन्हा वाढवायचा, तेही सेकंदात अनेकदा. ही बातमी देणारा सेन्सर बोटाच्या पेराएवढा असतो. जुन्या गाड्यांत लोहचुंबकावर गुंडाळलेली तार असे आणि तिच्यासमोरून लोखंडी दातांची चकती फिरे. गाडी अगदी हळू चालली की त्याचा आवाज बसायचा. आता बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांची चुंबकी पट्टी असते, आणि सेन्सर ती हॉल परिणामाने किंवा चुंबकीय क्षेत्रात रोध बदलण्याच्या गुणधर्माने 'वाचतो'. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, तेव्हा मोटारगाडीही जन्माला आली नव्हती.

थोडा हिशेब करू. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरा. ताशी ६० किमीला सेकंदात आठ-सव्वाआठ फेरे होतात. पट्टीवर ध्रुवांच्या ४८ जोड्या असतील, तर सेकंदाला सुमारे ४०० ठोके. सेन्सर ते प्रवाहाच्या भाषेत पाठवतो: ७ मिलिअँपिअर, १४, पुन्हा ७. तार तुटली की ठोके थांबतात आणि कॉम्प्युटर दिवा लावून मोकळा होतो.

आता शोधाशोध. स्वस्तातलं ओबीडी यंत्र बहुधा इंजिनापुरतंच बोलतं. एबीएस वाचणारं घ्या. आमच्याकडे उजव्या पुढच्या चाकाकडे बोट होतं. मित्राच्या बैठ्या घराच्या पोर्चमध्ये (एचडीबीच्या कार पार्कात हा उद्योग नको) हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडाची उटी लावली, चाकाचे नट जमिनीवरच सैल केले आणि गाडी जॅकवर उचलून लगेच स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका, हे कळकळीने सांगतो.

चाक हाताने फिरवलं तर यंत्रावर ३-४ किमीचा वेग दिसला. म्हणजे सेन्सर जिवंत! मग मित्राने स्टिअरिंग वळवलं, मी केबल हलवली, आणि आकडा शून्य. रॅम्पचं कोडं तिथेच सुटलं. हब निर्दोष होतं. केबल सेन्सरला जोडूनच येते, त्यामुळे दोन्ही बदलायचे. नवा भाग घेताना गाडीचा चॅसिस नंबर दाखवा. डावा-उजवा वेगळा असतो.

बाकी काम सोपं. चाक काढा, इग्निशन बंद ठेवून प्लग सोडवा, १० नंबरच्या पान्याने एकुलता एक बोल्ट काढा. सेन्सर सरळ ओढू नका, आधी डावी-उजवीकडे थोडा फिरवा. बर्फाच्या देशांत रस्त्यावरच्या मिठाने गंजून तो असा काही बसतो, की ड्रिलने काढावा लागतो. इथे आपण सुदैवी. भोक कापडाने पुसा, ब्रेकची लोखंडी पूड आत राहू देऊ नका. नवी केबल जुनीच्याच वाटेने, प्रत्येक क्लिपमधून न्या, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, पाहा. चाकाचे नट मात्र टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकेच.

कोड पुसून गल्लीत एक फेरी मारली. नंतर तोच रॅम्प, दोनदा वर, दोनदा खाली. दिवा लागला नाही. घरी येऊन जुन्या केबलचं वेष्टण ब्लेडने सोललं, तर जिथे ती रोज वाकायची नेमकं तिथेच तांबं हिरवं पडलेलं, आणि दोनच धागे शिल्लक होते.