तेरेझिनचा चित्रपट : एक साधनपरीक्षण

बखर हातीं आली म्हणजे तिचा कर्ता कोण, ती कोणाच्या आज्ञेनें लिहिली व केव्हां लिहिली, हें आपण प्रथम पाहतों. चित्रपटापुढें मात्र ही शिस्त ढिली पडते. जें डोळ्यांना दिसलें तें घडलेंच असणार, असें भल्याभल्यांस वाटतें.

बोहेमियांतील तेरेझिन या तटबंदीच्या गांवीं नाझी राजवटीनें १९४१ च्या अखेरीपासून यहुदी लोकांना कोंडण्यास आरंभ केला. सुमारें १,४०,००० माणसें तेथें आणलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें ३३,००० भूक व रोगराई यांमुळें तेथेंच मेलीं; सुमारें ८८,००० पूर्वेकडे, बहुतेक मृत्यूच्या छावण्यांत, धाडलीं गेलीं. ता. २३ जून १९४४ रोजीं रेडक्रॉसचे प्रतिनिधी पाहणीस यावयाचे होते, म्हणून गांव रंगवून सजविलें. आणि गर्दी दिसूं नये यासाठीं मे महिन्यांतच सुमारें ७,५०० कैदी आउश्वित्झला रवाना केले. पाहुणे समाधानानें परतले. सजावट तयार होतीच. ऑगस्ट-सप्टेंबरांत तिचाच चित्रपट घेण्यांत आला.

त्यांत फुटबॉलचा सामना आहे, ग्रंथालय आहे, मुलांची संगीतिका आहे. चित्रण खोटें नाहीं. सामना खरोखरच झाला. खोटा आहे तो त्याचा प्रसंग. दिग्दर्शक कुर्ट गेरॉन हा बर्लिनचा नामांकित नट, पण येथें तोहि कैदीच. काम संपल्यावर ता. २८ ऑक्टोबरला त्यास आउश्वित्झला पाठविलें व तेथें मारलें.

चित्रपट १९४५ च्या मार्चांत पुरा झाला व मोजक्याच लोकांना दाखविला गेला. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. ‘फ्यूररनें यहुद्यांना नगर भेट दिलें’ हें त्याचें लोकप्रसिद्ध नांव मूळचें नव्हे. मूळ नांव रुक्ष असून त्यांत ‘माहितीपट’ असाच शब्द आहे. माझ्या मतें ही चूक क्षुल्लक नाहीं. प्रसिद्ध नांवांतील उघड कुचेष्टेनें प्रेक्षक सावध होतो, मूळ नांवानें तो निर्धास्त बसतो.

मग हें साधन टाकून द्यावें काय? तसें नव्हे. तेरेझिनच्या जीवनाविषयीं त्याची साक्ष अग्राह्य; सत्ताधाऱ्यांना जगास काय भासवावयाचें होतें, याविषयीं ती अस्सल. शिवाय यो स्पीर या डच चित्रकार-कैद्यानें चित्रणाच्या वेळीं काढलेलीं रेखाटनें उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारें हरवलेल्या प्रसंगांचा क्रम संशोधकांस लावतां आला. आणि पडद्यावरचे चेहरे खरे आहेत. कित्येकांचें तें अखेरचें चित्र होय.