साताऱ्यात सात, विंडोजमध्ये दीड!

नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं, झकास चाललं. मग विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे! साताऱ्यात संध्याकाळचे सात वाजलेत आणि स्क्रीनवर दुपारचा दीड. सेल संपलेला नसतो, मदरबोर्डही ठणठणीत असतो. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. लंडनकरांना हिवाळ्यात हा घोळ कळतही नाही, कारण त्यांच्या दोन्ही वेळा तेव्हा एकच असतात. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहून लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा, भांडण मिटलं.

बूटच्या निम्म्या तक्रारी अशाच असतात. मशीन धडधाकट, पण कुणीतरी काही कारणानं कडी लावलेली. ती कुणी आणि का लावली हे कळलं की काढायला पाच मिनिटं लागतात.

सगळ्यात घाबरवणारी कडी डिस्कची. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू होतो, भाषा विचारतो, वायफाय जोडतो आणि डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी! ५१२ जीबीची नवीकोरी एसएसडी गेली कुठे? कुठेच नाही. बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क कारखान्यातूनच आरएसटी नावाच्या व्यवस्थेमागे ठेवलेली असते आणि इन्स्टॉलरला ती दिसत नाही. उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडायचं. पण थेट निवडलंत तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमधला बदल करायचा, एकदा सेफ मोड उघडू द्यायचा आणि नंतर तो काढून टाकायचा. या खटपटीत विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, म्हणजे बिटलॉकर, ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्या. घरच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतील, तर हे पाऊल अजिबात चुकवू नका.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट घरोघरी पोचलं. सही नसलेली प्रणाली लॅपटॉप सुरूच करत नाही. मग उबुंटू, फेडोरा कसे सुरू होतात? त्यांच्या पुढे 'शिम' नावाचा चिमुकला प्रोग्रॅम असतो आणि त्यावर सही असते चक्क मायक्रोसॉफ्टची! सही ज्या २०११ च्या प्रमाणपत्रावर चालत आली, त्याची मुदत जून २०२६ ची; पुढची सोय २०२३ च्या नव्या प्रमाणपत्रावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने शिम नाकारले आणि दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' झळकलं.

सिक्युअर बूट चालू ठेवून लिनक्समध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्या रीस्टार्टला एक निळं पान येतं, दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात कोणतीही कळ दाबायची, 'एन्रोल एमओके' निवडायचं आणि इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकायचा. चहा आणायला उठलात तर पान निघून जातं आणि एनव्हिडियाचं कार्ड रुसतं.

बूट मेन्यूची कळ? डेल, लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एफ९. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपांत सिक्युअर बूटचा पर्याय फिका पडून बसतो. बायोसला सुपरवायझर पासवर्ड दिला की तो जागा होतो. पासवर्ड मात्र लिहून ठेवा.

'लिनक्सनं लॅपटॉप जळतो' या जुन्या भीतीला एक खरी गोष्ट कारणीभूत आहे. २०१३ च्या सुरुवातीला काही सॅमसंग लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले. मॅथ्यू गॅरेट या तज्ज्ञानं मग तोच प्रकार विंडोजमधूनही घडवून दाखवला. दोष लॅपटॉपच्या फर्मवेअरचा होता, बिचाऱ्या लिनक्सला उगाच बोल लागला.

आणि ही तर कमालच: २०१५ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमला पासवर्डचं कुलूप असलं तरी नाव विचारताच बॅकस्पेस बरोबर २८ वेळा दाबलं की ते उघडतं. छिद्र लगेच बुजवलं गेलं.

एवढं करूनही अडलात तर विचारायचं कुणाला? सांगलीकरांचं एक भाग्य आहे. विश्रामबागेतलं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू केलं. आज तिथे विद्यार्थ्यांचा 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' आहे. पुण्या-मुंबईच्या बाहेर पोरं पोरांना लिनक्स शिकवतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. साताऱ्या-कराडच्या कॉलेजांतही असा एखादा सिनियर सापडतोच. त्याच्याकडे जाताना नुसतं 'चालू होत नाही' म्हणू नका. पडद्यावरच्या संदेशाचा स्पष्ट फोटो आणि बायोसच्या पहिल्या पानावरचा आवृत्ती क्रमांक सोबत न्या.