नाताळ आणि भीती

पाप केल्यावर आदाम देवाला भिऊन लपला (उत्पत्ति ३). भीती आली ती अशी. म्हणूनच मला वाटते, ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतात जखऱ्या, मरीया, योसेफ आणि मेंढपाळ या सर्वांना देवदूताने भिऊ नका असे सांगितले. त्याचे कारण मत्तय १:२१ मध्ये आहे: येशू आपल्या लोकांना पापांपासून तारील.

चांदण्या, केक, नवे कपडे जरूर असावेत. पण पाप झाकून सण केला तर भीती घरातच राहते. जक्कयाने प्रभूला घरी घेतले आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. आपणही २५ डिसेंबरपूर्वी कोणा मजुराची अडवलेली मजुरी देऊ या, अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाऊ या. मग गव्हाणीपुढे लपावे लागणार नाही.