भंगार प्लास्टिकवर गॅमा किरण मारले तर काय होतं?

गेल्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या गाडीवरून मी एक काळी बादली घेतली, स्वस्तातली. तिसऱ्या महिन्यात भरलेली बादली उचलली आणि कडी हातात राहिली, बादली खाली. तिचा कान तुटला होता. "रिसायकल मालाची असणार," शेजारी म्हणाले. पण रिसायकल माल कच्चा का असतो, हा प्रश्न डोक्यात राहिला.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. ताटातल्या शेवयांचा गुंता आठवा. शेवया लांब असतील तर गुंता सहज सुटत नाही, चुरा झाला की काहीच एकमेकांना धरत नाही. ऊन लागलं, पुन्हा वितळवलं, की प्रत्येक वेळी काही साखळ्यांचा असा चुरा होतो.

इथे किरण कामाला येतात. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण किंवा यंत्रातून सोडलेला इलेक्ट्रॉनचा झोत पॉलिथिनच्या साखळीवरचे हायड्रोजन उडवतो. मोकळी झालेली जागा शेजारच्या साखळीतल्या तशाच जागेशी जुळली की गाठ बसते. १९५२ मध्ये आर्थर चार्ल्सबी यांनी ब्रिटनमधल्या हार्वेलच्या अणुभट्टीत ठेवलेल्या पॉलिथिनमध्ये अशा गाठी बसतात, हे दाखवलं. आज वायरींवरचं उष्णता सहन करणारं आवरण याच पद्धतीने बनवतात.

मग सगळं भंगार किरणांखाली का घालत नाहीत? कारण तोच किरण पॉलिप्रोपिलीनमध्ये बहुतेक वेळा उलटं काम करतो: गाठ मारण्याऐवजी साखळीच कापतो. तुर्भ्याच्या 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून दवाखान्यातल्या वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. त्यासाठी साधारण २५ किलोग्रे एवढी मात्रा पुरते, आणि तेवढ्यानेही साधं पॉलिप्रोपिलीन पिवळं, ठिसूळ होऊ शकतं. पॉलिथिनला भरपूर गाठी बसवायला मात्र बऱ्याचदा १०० किलोग्रे किंवा जास्त लागतात. म्हणजे दोन्ही मिसळलेल्या भंगारात एकाचं भलं होईपर्यंत दुसऱ्याचा भुगा झालेला असतो.

याला एक दुसरी बाजूही आहे. ही दोन प्लास्टिकं वितळवून एकत्र केली तरी तेल-पाण्यासारखी वेगळी राहतात. हवेत किरण दिले की साखळ्यांवर ऑक्सिजनवाले गट चिकटतात. त्यामुळे, योग्य पूरक घटक घातले तर, वेगवेगळे थर एकमेकांना धरायला लागतात. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचे तुकडे गॅमा किरणांखाली ठेवले, दळले आणि सिमेंटमध्ये मिसळले. साधी भुकटी घातली तेव्हा सिमेंट कमजोर झालं. पण किरण दिलेली भुकटी फ्लाय अ‍ॅशबरोबर घातली तेव्हा ते नुसत्या सिमेंटपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत मजबूत निघालं. मला तरी हा वापर सर्वांत शहाणा वाटतो, कारण इथे प्लास्टिक पुन्हा वितळवायचंच नसतं.

आणि तीच तर मोठी अडचण आहे. गाठी बसलेलं पॉलिथिन वितळत नाही. भाजलेल्या पोळीची पुन्हा कणीक होत नाही, तसंच. किरणांनी वस्तूचं आयुष्य वाढतं, पण तिच्यापासून पुढची वस्तू ओतायची वाट जवळजवळ बंद होते.

(हमखास विचारला जाणारा प्रश्न: असं प्लास्टिक किरणोत्सारी होतं का? नाही. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरण देतात. तो कांदा जसा किरणोत्सारी होत नाही, तसंच हे.)

माझ्या बादलीचं काय झालं असतं? तिच्या बुडाशी त्रिकोणात २ असता, म्हणजे एचडीपीई, तर योग्य मात्रेने कान कदाचित टिकला असता. ५ असता, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, तर तो पहिल्याच आठवड्यात गेला असता. मी बादली उलटी करून पाहिली. बुडाशी कुठलाच आकडा नव्हता.