अक्षर आपले, साचा कोणाचा?

गेल्या दिवाळीत आमच्या बुरहानपूरच्या घरी फराळाच्या ताटांभोवती जो वाद रंगला, तो राजकारणाचा नव्हता, की शेताच्या बांधाचाही नव्हता. वाद होता संगणकाच्या एका आज्ञावलीचा. ज्यास सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतात, तीच ही आज्ञावली. अशा विषयावर प्रत्येक घरी हल्ली प्रत्येकाचे मत असते. कायदा काय म्हणतो हे मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते. आमच्याही घरी तेच झाले.

निमित्त वडिलांच्या टिपणांचे. ते शिक्षक होते. तापीचे घाट, गावातले जुने वाडे, मराठी कुटुंबे येथे कशी स्थिरावली त्याच्या आठवणी, असे त्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. वीस वर्षांपूर्वी एका छापखान्यात त्याची अक्षरजुळणी झाली. पुस्तक मात्र निघाले नाही. पुढे वडील गेले, वह्यांना वाळवी लागली आणि छापखानाही बंद पडला. उरली ती एक तबकडी. दिवाळीला भावाने ती संगणकात घातली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. वडिलांचे एक वाक्य वाचता येईना.

भाऊ म्हणाला, "त्या वेळची आज्ञावली कुठूनतरी फुकट उतरवून घेतो. एका रात्रीचे काम आहे." काकांनी लगेच दुजोरा दिला. "वस्तू उचलली तर धन्याचे नुकसान. इथे मूळ प्रत त्याच्याकडे तशीच राहते, मग चोरी कसली?" इंदूरला कायद्याचे शिक्षण घेणारी माझी भाची म्हणाली, "आजोबा, कायदा असे मानत नाही." वाद चढत गेला. अखेर आई स्वयंपाकघराच्या दारातून एवढेच म्हणाली, "ह्यांचा घाटांवरचा लेख कोणीतरी आपल्या नावाने छापला होता. वही तर आपल्याच घरात होती. तरी हे दोन दिवस धड जेवले नव्हते."

काका गप्प झाले. मग भाचीने सांगितले ते आम्ही सर्वांनीच नीट ऐकले.

आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ सालचा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश त्यात 'वाङ्मयकृती'मध्ये झाला. म्हणजे वडिलांची वही आणि त्या कंपनीची आज्ञावली कायद्याच्या एकाच पंक्तीत बसतात. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क अबाधित असतो. अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणे हा कलम ६३-ब प्रमाणे गुन्हा आहे. त्यास किमान ७ दिवस आणि कमाल ३ वर्षे कैद, तसेच ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी वा लाभासाठी नसेल, तर विशेष कारणे नमूद करून न्यायालय कैद टाळू शकते. तथापि गुन्हा तो गुन्हाच.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची राखीव प्रत करून ठेवण्यास कायदाच मुभा देतो. दुसऱ्या आज्ञावलीशी तिचा मेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती अन्य मार्गाने मिळत नसेल, तर कायदेशीर धारकास ती शोधून काढण्याचीही मोकळीक १९९९ च्या दुरुस्तीने दिली आहे. आणि मुख्य गोष्ट ही, की अक्षरे जुळविण्याचे साधन कंपनीचे असले, तरी जुळविलेला मजकूर लेखकाचाच राहतो. साचा सोनाराचा म्हणून दागिना त्याचा होत नाही.

मग मजकूर अडकला कशात? जुन्या अक्षरसंचांमध्ये प्रत्येक कंपनीने देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने बसविली होती. एकाचा 'क' जेथे, तेथे दुसऱ्याचा 'म'. तो विशिष्ट संच संगणकात नसला, की सारा मजकूर मुका. वस्तुतः १९९१ मध्येच भारतीय मानक संस्थेने 'इस्की' हे समान मानक ठरविले होते, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोड या जागतिक मानकात देवनागरीस स्वतःची जागा मिळाली. तेथे 'क' चा क्रमांक ०९१५. तो बुरहानपुरात जो, तोच बोस्टनमध्ये. आपल्या मराठीच्या 'ॲ' ला मात्र तेथे स्वतंत्र घर मिळण्यास २००८ साल उजाडले.

मजकूर आमचा, तेव्हा एका संचातील अक्षरे युनिकोडमध्ये पालटून घेण्यास कोणाची आडकाठी नव्हती. अशी रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. भाचीने दोन दिवस खपून ते केले. जोडाक्षरे ठिकठिकाणी फुटली होती. 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्या' मधला आपला अर्धा 'र' तर बहुतेक जागी हरवला होता. भाची वाचत गेली आणि आई आठवणीने दुरुस्त करीत गेली. "इथे ह्यांनी 'ओवरी' लिहिले होते, 'ओसरी' नव्हे," असे ती ठामपणे सांगे. छपाईसाठी आम्ही 'मुक्त' हा अक्षरसंच निवडला. तो मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडविला असून कोणासही विनामूल्य व रीतसर वापरता येतो. चोरीवाचून काम अडत होते, ही आमची समजूतच खोटी होती.

अशा खुल्या आज्ञावलींची परंपरा जुनी आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ती चळवळ आरंभिली. आज्ञावली वापरावी, अभ्यासावी, सुधारावी, वाटावी, ही त्यामागची भूमिका. पण खुली म्हणजे बेवारशी नव्हे. तिलाही परवाना असतो आणि त्याच्या अटी पाळाव्या लागतात. आमच्या गावाला हे समजणे जड जाऊ नये. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचे झिरपलेले पाणी भुयारातून कुंडीमागून कुंडीत येते. पाणी सर्वांचे, परंतु भुयार कोणी फोडावे असा त्याचा अर्थ कोणी केला नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत वंशावळी, पत्रे, स्मरणिका अशाच जुन्या तबकड्यांत पडून असतील. त्या आजच उघडून पाहाव्यात, युनिकोडमध्ये उतरवून दोन ठिकाणी जपाव्यात, आणि छापखान्याकडून छापील प्रतींबरोबर मजकूरही त्याच रूपात मागून घ्यावा. वाचून दुरुस्ती सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच हे काम उरकणे बरे. आमच्याकडे अजून चाळीस पाने शिल्लक आहेत, आणि आई रोज दुपारी चष्मा पुसून वाट पाहत बसते.