मोठ्या विमानाला मोटर कोणती?

इयत्ता ७ वी

आमचा दादा, म्हणजे मामांचा मुलगा, इंजिनिअरिंगला शिकतो. त्याने पडवीत एक विमान बांधले. खेळण्यातले नव्हे बरं का! पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २ मीटर. आपल्या वर्गाच्या दारातून ते आडवे मावायचे नाही. ते विजेवर उडते आणि जमिनीवर उभे राहून रेडिओने चालवतात.

आधी फजिती सांगतो. मे महिन्यात दादाने लहान विमानातली मोटर काढून याला बसवली. ती फार जोरात फिरायची. मीही म्हणालो, "दादा, हीच लाव." नाकावर मोठा पंखा लावला, मोठी बॅटरी जोडली, मी शेपूट धरून बसलो. दहा मोजायच्या आत धूर! मोटर जळाली, तिला वीज देणारा कंट्रोलरही गेला. दादाने शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. मामी म्हणाली, "पैशाचा धूर केलास की रे!"

असे का झाले? अशा मोटरीला केव्ही नावाचा एक आकडा असतो. एका व्होल्टला मोटर मिनिटात किती फेरे घेईल, ते त्यावरून कळते. त्या मोटरीचा आकडा १००० होता. २२ व्होल्टला झाले २२ हजार फेरे! पण हे मोकळ्या मोटरीचे. मोठा पंखा इतका जोरात फिरवणे तिला झेपेना. ती वीज ओढत राहिली व तापली. मामा म्हणाले, "शर्यतीच्या खोंडाला उसाची गाडी जुंपलीस."

दिवाळीत दादाने हिशेब वजनापासून धरला. बॅटरीसकट विमान भरले ४ किलो. नीट उडायला आणि थोड्या कोलांट्या मारायला किलोमागे साधारण २२० वॉट लागतात. म्हणजे ८८०, आम्ही ९०० धरले. ७४६ वॉट म्हणजे १ अश्वशक्ती. आमच्या विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटर दोघांनाही हलत नाही, आणि ही सव्वा अश्वशक्तीची मोटर माझ्या दोन ओंजळींत मावते. मला आधी खरेच वाटेना.

बॅटरी लिथियमची, ६ सेलची. एक सेल ३.७ व्होल्ट, म्हणून सगळे मिळून २२.२. आता ९०० ला २२ ने भागा: सुमारे ४१ अँपियर. घरातल्या छताच्या पंख्याला अर्धासुद्धा लागत नाही! ३ च सेल घेतले असते तर ८२ अँपियर लागले असते, तारा जाड लागल्या असत्या आणि तापल्याही असत्या. कंट्रोलर मात्र ६० अँपियरचा आणला. काठावरचा घेऊ नये.

पंखा १६ इंची घेतला. मोठा पंखा सावकाश फिरून पुष्कळ हवा मागे ढकलतो, म्हणून तेवढ्याच विजेत जास्त ओढ मिळते. त्याला साजेशी मोटर ४०० केव्हीची. मोकळी ८८०० फेरे घेईल. पंखा लावल्यावर साधारण ७०००. मी विचारले, "मग १८ इंची का नको?" दादाने पाटीवर करून दाखवले. फेरे तेवढेच ठेवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. २ इंचांनी दीडपटीहून जास्त! म्हणजे पुन्हा धूर.

या वेळी मध्ये मीटर लावून तपासले. ३९ अँपियर. मोटरीला हात लावला तर नुसती कोमट.

बॅटरी ५ अँपियर-तासांची. पूर्ण जोरात ७ मिनिटे पुरेल, पण पूर्ण जोर सारखा लागत नाही. शिवाय ती तळापर्यंत रिकामी केली तर खराब होते. म्हणून ७ मिनिटे झाली की उतरायचे. चार्जिंगला लावून कुठे जायचे नाही, ती पेट घेऊ शकते. दादा समोर स्टूल टाकून बसतो. पंख्याच्या पुढे किंवा बाजूला तर मुळीच उभे राहायचे नाही, बोटे तुटतील.

भाऊबिजेच्या सकाळी माळावर विमान उडाले. आमची म्हैस दावे तोडून पळाली. विमान उतरल्यावर मामीने त्याच्या पंखाला कुंकू लावले आणि विचारले, "आता पुन्हा कधी उडवणार?"